केसांची इस्त्री का मोडते?

केस सरळ करणारा, विजेवर तापणारा ब्रश आता पुष्कळ घरांत पोचला आहे. दिसायला तो नेहमीच्या ब्रशासारखाच असतो. फरक एवढाच, की त्याच्या पाठीत विजेने तापणारी पट्टी असते आणि तिच्याबरोबर दातेही तापतात. दात्यांच्या टोकांवर टाळूला चटका बसू नये म्हणून उष्णता न वाहणाऱ्या पदार्थाच्या टोप्या असतात. मुठीवर तापमानाचा आकडा दिसतो. विंचरलेल्या केसांची एकेक बट घेऊन ब्रश सावकाश टोकाकडे ओढत नेला, की कुरळे केस सरळ होतात.

मात्र हा सरळपणा टिकत नाही. उन्हाळ्यात नागपूरच्या कोरड्या हवेत तो बरा राहतो, पण जुलैच्या मुंबईत घरून निघून कामावर पोचेपर्यंत केस पुन्हा वळू लागतात. केस धुतले तर काहीच उरत नाही. दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेने जे साधले, ते नुसत्या दमट हवेने का मोडावे? आणि ते मोडते, तर पार्लरमध्ये रसायन लावून केलेला बदल धुतल्यावरही का टिकतो?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर मिळण्यासाठी प्रथिनाचा रेणू कसा दिसतो हे आधी कळावे लागले. केस तापवणारी हत्यारे मात्र त्याच्या साठ वर्षे आधीपासून बाजारात होती. उत्तराची वाट न पाहता माणसांनी, त्यांतही बहुतेक स्त्रियांनी, आपल्या डोक्यावर हे प्रयोग करून घेतले. त्या प्रयोगांची आणि नंतर सापडलेल्या उत्तराची ही हकीकत आहे.

केसाने मोजलेली हवा

उष्णतेकडे वळण्याआधी पाण्याकडे पाहू. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून रात्री झोपले आणि सकाळी ती सोडली, तर सरळ केसांतही लाटा दिसतात. हा अनुभव आपल्याकडे घरोघरी असतो. येथे उष्णता मुळीच वापरलेली नाही. केस ओला असताना एका आकारात बांधला आणि त्याच आकारात वाळू दिला, एवढेच केले. म्हणजे केसाचा आकार बदलण्यात पाण्याचा काहीतरी हात आहे.

हा हात प्रथम नीट मोजला तो जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने. आल्प्सच्या शिखरांवर चढून हवेचा अभ्यास करणारा हा माणूस. हवेतील दमटपणा मोजायला त्याला भरवशाचे साधन हवे होते. त्याने माणसाचा केस घेतला, सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढला, एक टोक पक्के बांधले आणि दुसरे टोक एका काटा बसवलेल्या बारीक आसाभोवती गुंडाळून त्याला हलके वजन लावले. हवा दमट झाली की केस लांब होतो आणि काटा फिरतो. हवा कोरडी झाली की काटा परत येतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी सुमारे दोन ते अडीच टक्के वाढते. सोस्यूरने आपले निष्कर्ष १७८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. केसाचा आर्द्रतामापक पुढे विसाव्या शतकातही हवामान केंद्रांत वापरला जात होता.

हवेतील बाष्प केसात शिरते आणि केसाच्या आत काहीतरी सैल करते, हे यावरून दिसत होते. पण ते ‘काहीतरी’ काय आहे, हे सोस्यूरच्या काळात कोणालाच सांगता आले नसते.

कागद करपतो का?

आता पॅरिसला जाऊ. १८७० च्या दशकात मार्सेल ग्रातो नावाच्या केशकर्तनकाराने तापलेल्या चिमट्याने केसांना एकसारख्या लाटा देण्याची रीत बसवली. चिमट्याची एक बाजू गोल आणि दुसरी पन्हाळीसारखी खोलगट होती. मनगट ठरावीक रीतीने फिरवत बट दाबत गेले की नैसर्गिक वाटावी अशी लाट उमटे. ‘मार्सेल लाट’ या नावाने ही रीत युरोप-अमेरिकेत पसरली आणि पन्नास वर्षे टिकली.

चिमटा ज्योतीवर तापवत. तो किती तापला हे कळायचे कसे? कारागीर तो एका कागदावर दाबून पाहत. कागद करपला तर चिमटा फार गरम, थोडा थांबा. आपल्याकडे कोळशाच्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून तिचा आवाज ऐकतात, त्याच जातीची ही परीक्षा. अनुभवी हातात ती चांगली चाले. नवख्या हातात मात्र केस आणि कधी कधी कातडीही भाजे.

कुरळे केस सरळ करण्यासाठी धातूची तापवायची फणीही याच सुमारास युरोपात आणि अमेरिकेत वापरात आली. अमेरिकेत तिचा सर्वांत मोठा वापर झाला तो कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये. चुलीवर फणी तापवायची, केसांना मलम किंवा तेल चोपडायचे आणि मुळापासून फणी ओढायची. ही निव्वळ हौस नव्हती. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली होती, पण गोऱ्यांच्या केसांसारखे केस म्हणजे नीटनेटके केस, ही समजूत संपलेली नव्हती. नोकरी मिळणे, चारचौघांत मान मिळणे हे सारे त्या समजुतीशी बांधलेले होते.

या इतिहासात मॅडम सी. जे. वॉकर हे नाव नेहमी येते. त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. लुइझियानातील डेल्टा या गावी १८६७ मध्ये त्यांचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीत राहिलेले होते. सारा यांनी बरीच वर्षे धुणे धुऊन पोट भरले. स्वतःचे केस गळू लागल्यावर त्यांनी डोक्याच्या कातडीची निगा हा विषय हाती घेतला, गंधकयुक्त मलम विकायला सुरुवात केली, हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना विक्रीचे आणि केशरचनेचे शिक्षण दिले आणि मोठा उद्योग उभा केला. १९१९ मध्ये त्या वारल्या. गरम फणीचा शोध त्यांनी लावला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. फणी त्यांच्या आधीपासून होती, त्यांनी ती आपल्या पद्धतीत घेतली. उलट ‘केस सरळ करणारी बाई’ ही आपली ओळख त्यांना आवडत नसे. आपले काम केस निरोगी राखण्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे असे. गरम फणीत सुधारणा करण्याचे काम पुढेही चालू राहिले. फिलाडेल्फियाच्या वॉल्टर सॅमन्स यांना अशा एका फणीचे पेटंट १९२० मध्ये मिळाले.

आज घरात वापरला जाणारा ब्रश हा या चिमट्याचा आणि फणीचा वंशज आहे. या दोन्ही हत्यारांची मर्यादाही एकच होती. पुढच्या न्हाण्याबरोबर सारे काम वाहून जाई.

सहा तासांची बैठक

ही मर्यादा कार्ल नेस्लर या जर्मन कारागिराला खटकत होती. न धुतला जाणारा आकार केसाला देता येईल का? त्याने उष्णतेच्या जोडीला अल्कली घेतला. केसांची बट अल्कलीच्या लगद्यात भिजवून धातूच्या नळीवर गुंडाळायची आणि ती शंभर अंशांच्या वर तापवायची, अशी त्याची रीत होती. पहिले प्रयोग त्याने आपली पत्नी काटारिना हिच्या केसांवर केले. पहिल्या दोन खेपांना केस जळाले आणि कातडीही भाजली. नंतरच्या प्रयत्नात लाट उमटली आणि धुतल्यावरही राहिली.

ऑक्टोबर १९०६ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर नेस्लरने या पद्धतीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पितळी नळ्या इतक्या जड होत्या की त्यांचा भार डोक्यावर येऊ नये म्हणून त्या वरून टांगाव्या लागत. एका बैठकीला पाच-सहा तास लागत. तरीही गिऱ्हाइके मिळाली, कारण ही लाट महिनोन्‌महिने टिके. मुळाशी नवा, न बदललेला केस वाढून येईपर्यंत ती जात नसे.

म्हणजे १९०६ पर्यंत कारागिरांना अनुभवाने दोन गोष्टी कळल्या होत्या. नुसत्या उष्णतेने किंवा पाण्याने दिलेला आकार तात्पुरता असतो. उष्णता आणि अल्कली यांनी मिळून दिलेला आकार कायमचा असतो. असे का, हे मात्र ना नेस्लरला ठाऊक होते ना त्या काळच्या कोणा प्राध्यापकाला.

लोकरीच्या गावात

उत्तराचा पहिला धागा सापडला तो केशकर्तनालयात नव्हे, तर लोकरीच्या धंद्यात. इंग्लंडमधील लीड्स हे लोकरी कापडाचे मोठे केंद्र. १९२८ मध्ये तेथील विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी हा भौतिकशास्त्रज्ञ रुजू झाला. गिरणीवाल्यांना लोकर ताणली, वाफवली, दाबली की कशी वागते हे समजून हवे होते. अ‍ॅस्टबरीने लोकरीच्या धाग्यांतून क्ष-किरण सोडून त्यांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. लोकर आणि माणसाचा केस हे दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असल्यामुळे दोघांची छायाचित्रे सारखीच येत.

क्ष-किरणांच्या छायाचित्रात रेणूचे थेट चित्र दिसत नाही. दिसतात ते काही ठिपके आणि कमानी. त्यांच्या जागांवरून, रेणूतील एखादी रचना किती अंतराने पुन्हा पुन्हा येते, हे काढता येते. न ताणलेल्या केसात अ‍ॅस्टबरीला सुमारे ५.१ अँगस्ट्रॉमचे अंतर मिळाले. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. ओला केस खूप ताणून घेतलेल्या चित्रात मात्र ही खूण नाहीशी झाली आणि तिच्या जागी सुमारे ३.४ अँगस्ट्रॉमची वेगळीच खूण आली. पहिल्या रूपाला त्याने आल्फा म्हटले आणि दुसऱ्याला बीटा. १९३१ आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्याने निष्कर्ष मांडला, की केराटिनचा रेणू ही एक लांबलचक साखळी असून नेहमीच्या केसात ती घडी पडलेल्या अवस्थेत असते. केस ताणला की घड्या उलगडतात, सोडला की पुन्हा पडतात.

याच काळात केलेले एक निरीक्षण विशेष बोलके आहे. ताणलेला केस थोडा वेळच वाफेत धरून मग मोकळा सोडला, तर तो मूळ लांबीपेक्षाही आखूड होतो. तोच केस ताणलेल्या स्थितीत बराच वेळ वाफेत ठेवला, तर सोडल्यावर तो लांबच राहतो. याचा अर्थ असा लावण्यात आला, की साखळ्यांना एकमेकींशी जखडणारे आडवे बंध वाफेने आधी तुटतात आणि मग नव्या जागी पुन्हा जुळतात. तुटणे झाले पण जुळणे झाले नाही, तर केस आखडतो. दोन्ही झाले, तर नवा आकार पक्का होतो.

हे आडवे बंध कोणते, याचा शोध लीड्सचेच रसायनशास्त्रज्ञ जे. बी. स्पीकमन आणि इतर काही जण घेत होते. त्यांचे लक्ष गेले गंधकाकडे. केस जळताना येणारा वास आपल्या ओळखीचा आहे. त्यात गंधकाचाही वाटा असतो, कारण केराटिनमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते. एका साखळीतील गंधकाचा अणू शेजारच्या साखळीतील गंधकाच्या अणूशी जोडला जातो, आणि शिडीला पायऱ्या असाव्यात तसे बंध तयार होतात. पाण्याने ते तुटत नाहीत. कोरड्या उष्णतेने थोडा वेळ तापवूनही सहसा तुटत नाहीत. अल्कलीने मात्र तुटतात. १९३४ मध्ये अमेरिकेत गोडार्ड आणि मिकाएलिस यांनी दाखवले, की थायोग्लायकोलिक आम्लानेही हे बंध सोडवता येतात, आणि तेही उष्णतेशिवाय. पुढे याच द्रव्यावर आधारलेल्या पद्धती केशकर्तनालयांत आल्या आणि नेस्लरच्या टांगलेल्या नळ्या अडगळीत गेल्या.

नेस्लरची लाट का टिकली याचे उत्तर आता मिळाले होते. त्याने नकळत गंधकाचे बंध तोडून नव्या जागी जोडले होते.

आजारपणातली कागदाची पट्टी

उरला तो आपला पहिला प्रश्न. नुसत्या उष्णतेने केस सरळ होतो आणि दमट हवेने परत वळतो, म्हणजे गंधकाच्या बंधांखेरीज आणखी एक, पुष्कळ दुबळा बंध आत असला पाहिजे.

१९४८ मध्ये लायनस पॉलिंग हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला आला असताना सर्दीने अंथरुणाला खिळला. वेळ जाईना म्हणून त्याने कागदाच्या पट्टीवर प्रथिनाची साखळी काढली आणि तिला घड्या घालून पाहू लागला. घडी अशी बसायला हवी होती की साखळीच्या एका ठिकाणचा हायड्रोजन दुसऱ्या ठिकाणच्या ऑक्सिजनसमोर नेमका यावा आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध व्हावा. पट्टी गुंडाळता गुंडाळता एक मळसूत्र तयार झाले. दर वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले आणि वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम. अ‍ॅस्टबरीचे अंतर ५.१ होते. हा फरक खुपत असल्यामुळे पॉलिंगने घाई केली नाही. १९५१ मध्ये त्याने कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह ही रचना प्रसिद्ध केली. तिलाच आपण आल्फा-मळसूत्र म्हणतो.

केंब्रिजच्या मॅक्स पेरुत्झने तो निबंध वाचला आणि त्याच्या मनात आले, की हे मळसूत्र खरे असेल तर क्ष-किरणांच्या चित्रात १.५ अँगस्ट्रॉमची एक खूण दिसलीच पाहिजे. आजवर ती कोणी पाहिली नव्हती, कारण कोणी त्या कोनात पाहिलेच नव्हते. त्याने प्रयोगशाळेत जाऊन घोड्याचा एक केस तिरका धरला, चित्र घेतले आणि खूण नेमकी तेथेच सापडली. राहिलेल्या ५.१ आणि ५.४ च्या फरकाचा उलगडा १९५२-५३ च्या सुमारास क्रिक आणि पॉलिंग यांनी स्वतंत्रपणे केला. केसात ही मळसूत्रे सुटी नसतात. दोरीच्या पेडांसारखी ती एकमेकींभोवती पिळलेली असतात, त्यामुळे वेढ्याची उभी उंची थोडी कमी भरते. वेणीतल्या प्रत्येक केसाच्या आत अशा असंख्य दोऱ्या असतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या हायड्रोजन बंधात आहे. मळसूत्रांच्या आत आणि साखळ्यांच्या मध्ये असे असंख्य बंध असतात. एकेक बंध दुबळा, पण संख्येच्या बळावर ते केसाचा आकार धरून ठेवतात. पाण्याचा रेणूही असे बंध करण्यात पटाईत आहे. तो केसात शिरला की साखळ्यांच्या मधले बंध सोडवून तेथे स्वतः जाऊन बसतो. साखळ्या सैल होतात आणि एकमेकींवरून सरकू शकतात. केस वाळला की पाणी निघून जाते आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल त्या आकारात नवे बंध जुळतात. ओल्या वेणीच्या लाटा अशाच उमटतात.

तापलेला ब्रश हेच काम झटपट करतो. उष्णतेने हायड्रोजन बंध ढिले होतात, केसातले पाणी उडून जाते, दात्यांच्या ओढीने केस सरळ धरला जातो आणि थंड होताना त्या सरळ स्थितीत नवे बंध बसतात. गंधकाच्या पायऱ्या मात्र होत्या तेथेच राहतात. मूळ वळणाची आठवण त्यांच्यात जपलेली असते. हवेतील बाष्प शिरून नवे हायड्रोजन बंध सुटू लागले, की त्या पायऱ्या केसाला त्याच्या जुन्या वळणावर ओढून नेतात. सोस्यूरचा काटा ज्या कारणाने फिरत होता, त्याच कारणाने मुंबईच्या पावसाळ्यात केसांची इस्त्री मोडते.

आकडा कोणाचा?

हे ज्ञान घरातल्या ब्रशापर्यंत पोचले आहे का? काही अंशी पोचले आहे. कागद करपवून पाहण्याची गरज आता नाही. पुष्कळ उपकरणांत तापक म्हणून बेरियम टायटनेट या पदार्थाची चकती असते. एका ठरावीक तापमानापुढे तिचा विद्युतरोध एकदम वाढतो, प्रवाह कमी होतो आणि ती स्वतःच अधिक तापण्याचे थांबते. हे तापमान शुद्ध बेरियम टायटनेटसाठी १२० अंशांच्या आसपास असते. त्यात शिसे मिसळून ते वर नेता येते. भौतिकशास्त्राच्या तासाला रोध आणि तापमान शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

पण मुठीवरचा आकडा पट्टीच्या तापमानाचा असतो, केसाच्या नव्हे. केस किती तापेल हे बट किती जाड, ब्रश किती सावकाश फिरवला आणि तो कितीदा फिरवला यांवर ठरते. कोरड्या केसातील आल्फा-मळसूत्रे सुमारे २२० ते २४० अंशांच्या दरम्यान कायमची मोडतात. काही उपकरणांवरचा वरचा आकडा २३० आहे, हे येथे लक्षात घ्यावे. पाणी असेल तर हीच मोड सुमारे १५० अंशांच्या आसपास होते. त्याखालीही धोका असतोच. ओलसर केसावर एकदम गरम पट्टी दाबली, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे होऊन तो ठिसूळ बनतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस कुरळे करण्याच्या चिमट्याने १२५ अंशांनाच असे बुडबुडे झालेले दिसले. तेव्हा ‘कपडा ओलसर असला की इस्त्री चांगली होते’ हा सुती कपड्यांचा नियम केसांना लावू नये. सुताला वाफ मानवते, केसाला आतून फुटणारी वाफ मानवत नाही.

आणखी एक हिशोब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांचे असते. रोज ब्रश वापरला तर त्या टोकाने नऊशेच्या आसपास वेळा ही उष्णता सोसलेली असते. केसाचा बाहेर आलेला भाग जिवंत नसतो, त्याला जखम भरून काढता येत नाही. म्हणून रसायनशास्त्र जो सल्ला देते तो साधा आहे. केस पूर्ण वाळलेले असावेत, ज्याने काम होते तो सर्वांत कमी आकडा निवडावा, त्याच बटेवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नये आणि केस निवेपर्यंत ते हलवू नयेत. शेवटच्या सूचनेचे कारण आता सांगावे लागू नये. बंध जुळतात ते निवताना.

आरोप आणि पुरावा

१९६८ मध्ये अमेरिकेतील काही त्वचारोगतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये टाळूच्या मध्यापासून कायमचे केस जाण्याचा एक विकार वर्णिला आणि त्याला गरम फणीचे नाव दिले. फणीने तापलेले मलम ओघळून केसांच्या मुळाशी जाते आणि मुळे नष्ट करते, अशी त्यांची उपपत्ती होती. ती पटण्यासारखी होती. पण १९९२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी रुग्णांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा फणीचा वापर आणि विकाराची सुरुवात यांचा मेळ बसेना. विकार खरा होता, आरोपी मात्र सिद्ध होत नव्हता. पुढे विकाराचे नावही बदलले. तोवर, तुमचे केस तुमच्या फणीमुळे गेले, असे कितीतरी स्त्रियांना ऐकावे लागले.

चूक उलट बाजूनेही होऊ शकते. गंधकाचे बंध तोडणारी किंवा केसाला नव्या आकारात जखडणारी रसायने निर्धोक मानून वर्षानुवर्षे वापरली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेतील हजारो स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले. ही सांख्यिक सांगड आहे, कारण सिद्ध झाले असा तिचा अर्थ नाही. पण दुर्लक्ष करावे अशीही ती नाही. उष्णतेचा ब्रश आणि रसायन यांना एकाच मापाने मोजू नये, एवढे मात्र यातून घ्यावे.

आणि मुळात केस सरळ का हवेत? केसाचे वळण ठरते ते कातडीच्या आत, केसाच्या मुळाच्या पिशवीच्या आकाराने. पिशवी सरळ असेल तर केस सरळ, वाकडी असेल तर कुरळा. केराटिन दोन्हींत तेच, मळसूत्रे तीच, गंधकाच्या पायऱ्याही त्याच. कुरळेपणा हा रोग नाही, आळस नाही, गबाळेपणा नाही. तरीही नैसर्गिक केशरचनेवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याला २०१९ मध्ये करावा लागला. आपल्या वर्गातही कुरळ्या केसांच्या मुलीला चिडवायचे एखादे नाव ठरलेले असते. ज्या मुलीने हौसेने ब्रश घ्यावा तिने खुशाल घ्यावा. पण चिडवण्याला कंटाळून ती तो २३० वर लावत असेल, तर तो प्रश्न रसायनशास्त्राचा राहत नाही.

वर्गात करून पाहा

एक लांब केस साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. एका पुठ्ठ्याच्या वरच्या टोकाला तो चिकटवा. खाली कागदाचा लांब, हलका काटा टाचणीवर सैल फिरेल असा बसवा आणि केसाचे दुसरे टोक काट्याला टाचणीच्या अगदी जवळ बांधा. काट्याच्या वजनाने केस किंचित ताणलेला राहिला पाहिजे. काटा लांब ठेवल्यामुळे केसाच्या लांबीतला लहानसा फरकही टोकाशी मोठा दिसेल. आता पुठ्ठ्याजवळ वाफेचे भांडे ठेवून पाहा, मग उन्हात ठेवून पाहा आणि काटा कोठे जातो याची खूण करा. शक्य असेल तर एक सरळ केस आणि एक कुरळा केस शेजारी शेजारी लावा. कुरळा केस आधी सरळ होईल इतका ताणून घ्यावा लागेल. मग पाणी दोघांच्याही आत शिरते का, काटे एकाच दिशेने फिरतात का, हे मुलांनाच पाहून सांगू द्या.